सणाचें नांव व सणाची तिथि : ख्रिस्ती सणांच्या लौकिकीकरणाचा एक विचार

दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वाय ह्या लहानशा प्रजासत्ताकानें ता. २३ ऑक्टोबर १९१९ रोजीं सरकारी सुट्ट्यांचा एक कायदा केला. त्यांतील चार नोंदी वाचल्या असतां त्या एखाद्या ख्रिस्ती देशाच्या आहेत अशी शंकाहि येत नाहीं. ६ जानेवारी हा 'मुलांचा दिवस', ८ डिसेंबर हा 'समुद्रकिनाऱ्यांचा दिवस', २५ डिसेंबर हा 'कुटुंबाचा दिवस', आणि मार्चएप्रिलच्या सुमारास येणारा एक संबंध आठवडा 'पर्यटन-सप्ताह' ! येशूचें, मरियेचें किंवा कोणा संताचें नांव ह्या चारांत कोठेंहि नाहीं. पर्यटन-सप्ताहाच्या तारखा मात्र दरवर्षीं बदलतात. २०२४ सालीं तो सप्ताह ३१ मार्चच्या रविवारीं संपला, तर २०२५ सालीं २० एप्रिलच्या रविवारीं संपला. प्रवाशांच्या सोयीसाठीं नेमलेला आठवडा असा मागेंपुढें कां सरकतो, ह्याचें उत्तर पर्यटन-खात्याच्या दप्तरांत मिळावयाचें नाहीं. तें चंद्राच्या गणितांत आहे. हा सप्ताह म्हणजे ईस्टरपूर्वींचा, ख्रिस्ती लोकांचा 'पवित्र सप्ताह' होय. त्याचें नांव कायद्यानें पुसून टाकलें. तिथि पुसली नाहीं.

ख्रिस्ती सणांच्या लौकिकीकरणाविषयीं पाश्चात्त्य देशांत विपुल लिहिलें गेलें आहे. त्यांतील बरेंचसें लेखन नाताळांतील खरेदीविक्रीच्या निंदेनें भरलेलें असतें. ती निंदा अगदींच अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण बाजाराकडेच दृष्टि लागल्यामुळें एका महत्त्वाच्या भेदाकडे दुर्लक्ष होतें. सणास दोन अंगें असतात. एक त्याचें नांव व त्या नांवाशीं निगडित झालेली कथा. दुसरें त्याची तिथि, म्हणजे तो केव्हां येतो हें ठरविणारें गणित. राज्यसत्तेनें किंवा व्यापारानें सणावर हात टाकला म्हणजे ह्या दोहोंपैकीं कोणत्या अंगावर टाकला हें पाहिलें पाहिजे. आमचें म्हणणें असें कीं, सणाचा धार्मिक अर्थ त्याच्या नांवाहून त्याच्या तिथींत अधिक घट्ट राहतो. नांव गेलें पण तिथि शाबूत राहिली, तर त्या अर्थाकडे परत जाण्याची वाट मोकळी असते. तिथि तुटली म्हणजे नांवहि फार काळ तग धरीत नाहीं. जेथें एकादशी कोणत्या दिवशीं धरावी ह्यावर स्मार्त व भागवत असे दोन पक्ष पडतात, तेथील वाचकांस ह्याचें मर्म विशेष फोड करून सांगण्याची गरज नसावी.

प्रथम ह्या तिथी कशा ठरल्या तें थोडक्यांत पाहूं. चार शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख कोठेंहि दिलेली नाहीं. रोम येथें इ. स. ३५४ सालीं सिद्ध झालेल्या एका सचित्र पंचांग-संग्रहांत २५ डिसेंबर ही जन्मतारीख स्पष्टपणें आढळते. त्यांतील मूळ यादी इ. स. ३३६ च्या सुमाराची असावी असें विद्वान् मानतात. त्याच संग्रहांत त्याच तारखेस 'अजिंक्य' देवाचा जन्मदिवसहि नोंदलेला आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्य, व त्याचाच उत्सव ख्रिस्ती लोकांनीं उचलला, असें एक पक्ष म्हणतो. २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस आधीं मानला गेला व त्यांत नऊ महिने मिळवून जन्मतारीख काढली, असें दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांचा पुरावा तुटपुंजा आहे, व येथें त्यांच्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. मात्र 'मुळांत हा सूर्याचाच सण. आज तो धर्मापासून सुटत असेल तर मूळपदावर येत आहे इतकेंच' असें जें वारंवार ऐकूं येतें, तें आम्हांस मान्य नाहीं. नदीचा उगम कोठें आहे ह्यावरून तिच्या कांठीं सोळाशें वर्षें लोकांनीं काय केलें हें पुसलें जात नसतें.

ईस्टरची कथा निराळी आहे. येशूचा वध व त्याचें पुनरुत्थान हीं यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या वेळीं घडलीं असें शुभवर्तमानें सांगतात, आणि वल्हांडण हा पौर्णिमेशीं बांधलेला सण आहे. इ. स. ३२५ सालीं नायसिया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें सर्व मंडळ्यांनीं ईस्टर एकाच दिवशीं पाळावा असें ठरविलें. पुढें रूढ झालेला नियम असा कीं, २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. ही पौर्णिमा आकाशांतील नसून कोष्टकांतील असते, पण दोहोंत फारसें अंतर पडत नाहीं. ह्या नियमानें ईस्टर २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कोणत्याहि रविवारीं येऊं शकतो. आमच्या चैत्री पौर्णिमेशीं त्याची कांहीं वर्षीं गांठ पडते : २०२२ सालीं हनुमानजयंती १६ एप्रिलला व ईस्टर १७ एप्रिलला आला, २०२३ सालीं ह्याच तारखा ६ व ९ एप्रिल अशा होत्या. २०२४ सालीं मात्र दोन्ही पौर्णिमांत एका महिन्याचें अंतर पडलें. ईस्टरच्या मागचा चाळीस दिवसांचा उपवास, पुढचा स्वर्गारोहणाचा गुरुवार व पन्नासाव्या दिवसाचा पेंटेकॉस्ट हे सर्व ह्या एका रविवारावर टांगलेले असतात. तो हलला कीं सगळी माळ हलते.

नाताळ सौर तारखेस खिळलेला असल्यामुळें सरकारी व व्यापारी वर्षांत सहज सामावला गेला; सावकाराच्या वहींत, शाळेच्या वेळापत्रकांत, दुकानाच्या हिशेबांत त्याची जागा ठरलेली. ईस्टर मात्र प्रत्येक वर्षीं नव्यानें विचारून घ्यावा लागतो. एकास व्यापारानें डोक्यावर घेतलें व दुसऱ्याचा व्यवहारी माणसास नेहमींच अडथळा वाटला, ह्याचें एक कारण ह्या भेदांत आहे असें आम्हांस वाटतें.

सणांच्या तिथीवर पहिला मोठा घाव नास्तिकांनीं घातला नाहीं. तो अत्यंत कडव्या श्रद्धावंतांनीं घातला. इंग्लंडांतील प्युरिटन पंथाचें म्हणणें असें कीं, देवानें नेमलेला दिवस एकच, तो रविवार; बाकीचे सण माणसांनीं रचलेले व म्हणून त्याज्य. हे लोक अमेरिकेंत प्लिमथ येथें जाऊन राहिले. तेथें १६२१ च्या २५ डिसेंबरला गव्हर्नर ब्रॅडफर्ड सर्वांस कामावर नेऊं लागला, तेव्हां नुकतेच आलेले कांहीं लोक 'ह्या दिवशीं काम करणें आमच्या सदसद्विवेकास पटत नाहीं' असें म्हणाले. त्यानें त्यांस सोडलें. दुपारीं परत येऊन पाहतो तों तीं मंडळी रस्त्यांत खेळत होतीं. त्यानें खेळाचें साहित्य काढून घेतलें व सांगितलें कीं, दिवस भक्तीसाठीं पाळावयाचा असेल तर घरांत बसून पाळा. दुसरे राबत असतां तुम्हीं रस्त्यावर खेळावें हें माझ्या सदसद्विवेकास पटत नाहीं. ही हकीकत ब्रॅडफर्डनें स्वतःच लिहून ठेविली आहे, व तिच्यांत तो किंचित् विनोदानें लिहितो हें त्याच्या टीकाकारांनींहि ध्यानांत घ्यावें. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनें १६५९ सालीं नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठेवला. तो १६८१ सालीं रद्द झाला.

खुद्द इंग्लंडांत जून १६४७ मध्यें पार्लमेंटानें नाताळ, ईस्टर व व्हिटसन हे सण बंद केले. पण चाकर, उमेदवार व विद्यार्थी ह्यांची विश्रांति त्याबरोबर बुडते हें कायदेकर्त्यांच्या लक्षांत आलें होतें. म्हणून दर महिन्याचा दुसरा मंगळवार त्यांस मोकळा दिला. इंग्लंडची पहिली निखालस लौकिक सुट्टी तेथील सर्वांत देवभोळ्या पार्लमेंटानें दिली, हा योगायोग नव्हे. सणांतून देव काढून घेतल्यावर उरते ती विश्रांति, व ती कोणत्याहि मंगळवारीं देतां येते ! लोकांस मात्र हा हिशेब पटला नाहीं. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला कँटरबरी येथें दुकानें उघडण्याचा हुकूम झाला असतां दंगा उसळला व उघडलेल्या दुकानांची नासधूस झाली. १६६० सालीं राजा परतला व त्याबरोबर सणहि परतले.

एकोणिसाव्या शतकांतील नाताळचें पुनरुज्जीवन हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथें एकच वस्तु दाखवितों. १८४३ सालीं हेन्री कोल ह्याच्या सांगण्यावरून चित्रकार हॉर्सली ह्यानें विकण्याकरितां नाताळची पहिली शुभेच्छापत्रिका काढली. तिच्या मध्यभागीं एक कुटुंब मद्याचे पेले उंचावून बसलें आहे व दोन बाजूंस गरिबांस अन्नवस्त्र दिलें जात आहे. गव्हाणींतील बालक तिच्यांत नाहीं. त्या पत्रिकेवर टीका झाली ती मद्यपाननिषेधकांची, लहान मुलांच्या ओठीं पेला दाखविला म्हणून. म्हणजे 'कुटुंबाचा दिवस' हें नांव कोणत्याहि कायद्यांत येण्यापूर्वींच त्याचें चित्र तयार होतें.

आतां इंग्लंडांतील पेंटेकॉस्टकडे वळूं. कारण तिथि तुटल्यानें काय होतें ह्याचा इतका स्वच्छ दाखला आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो हा दिवस, व ख्रिस्ती मंडळीचा जन्मदिवस म्हणून त्याचें माहात्म्य मोठें. इंग्लंडांत त्यास 'व्हिटसन' म्हणत. बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या शुभ्र वस्त्रांवरून हें नांव पडलें असें सामान्यतः मानतात. मँचेस्टरमध्यें १८०१ पासून ह्या सणाच्या सोमवारीं रविवारच्या शाळांतील मुलांच्या मिरवणुकी निघूं लागल्या. पुढें त्या नगरीचें ते एक वैशिष्ट्यच होऊन बसल्या. १८७१ सालीं सर जॉन लबक ह्यानें बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा करविला. (पुराणाश्मयुग व नवाश्मयुग हीं नांवें ज्यानें इतिहाससंशोधकांस दिलीं तोच हा लबक, त्याची पेढी होती.) ह्या कायद्यानें ईस्टरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार व २६ डिसेंबर हे दिवस इंग्लंडांत सुट्टीचे ठरले. लबकनें व्हिटसनला कांहींच केलें नाहीं असें वरवर दिसतें; उलट त्याच्या सोमवारास कायद्याचें बळ दिलें. परंतु त्याच क्षणीं तो दिवस बँकेच्या वहींत गेला, व बँकेस पुढें तो गैरसोयीचा वाटूं शकेल अशी तजवीज झाली.

तसें होण्यास शंभर वर्षें लागलीं. हा सोमवार ११ मे ते १४ जून ह्या दरम्यान फिरे. शाळांस, कारखान्यांस व प्रवासाचा धंदा करणारांस तो एका ठिकाणीं स्थिर असलेला हवा होता. १९६० नंतरच्या दशकांत त्याऐवजीं मे महिन्याचा शेवटचा सोमवार धरण्याचा प्रयोग झाला, व १९७१ च्या कायद्यानें तो कायम करण्यांत आला. योगायोग असा कीं, त्या १९७१ सालीं दोन्ही सोमवार ३१ मे रोजीं एकत्र आले होते, व कांहीं तुटलें आहे असें कोणास भासण्याचें कारण नव्हतें. पुढच्याच वर्षीं पेंटेकॉस्टचा सोमवार २२ मे रोजीं आला व सुट्टी २९ मे रोजीं पडली. नव्या सुट्टीचें नांव 'वसंत ऋतूची बँकसुट्टी'. ह्या फेरफारावर कँटरबरीस झाला तसा दंगा झाला नाहीं. कोणीं सणास बंदी केली नव्हती. देवाचें नांव कोणीं खोडलें नव्हतें. केवळ एक सोमवार हलविला होता. पण त्या एका गोष्टीनें श्रद्धाळू मजूर त्या सोमवारीं कामावर गेला, आणि ज्या सोमवारीं तो मोकळा झाला त्या सोमवारास सांगण्यासारखी कथा उरली नाहीं. आज व्हिटसन हा शब्द इंग्लंडांत मुख्यतः वृद्धांच्या बोलण्यांत व जुन्या पुस्तकांत भेटतो. प्युरिटनांच्या बंदीस जें तेरा वर्षांत साधलें नाहीं तें वेळापत्रकाच्या सोयीनें एका पिढींत साधलें.

ह्यास एक गोड अपवाद आहे. मँचेस्टरच्या पूर्वेस सॅडलवर्थ व टेमसाइड ह्या भागांतील गिरण्यांच्या गांवीं व्हिटसननंतरच्या शुक्रवारीं पितळी वाद्यांच्या चढाओढी होतात. त्या १८८४ पासूनच्या आहेत. हा शुक्रवार सरकारी सुट्टीचा नाहीं, म्हणून तो कोणीं हलविलाहि नाहीं; वाजंत्री अजून ईस्टरपासून दिवस मोजून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातात. चढाओढ लौकिक, बक्षिसें लौकिक, पण तिथि नायसियाची.

ईस्टरलाच खुंटीस बांधण्याचा यत्नहि इंग्लंडनें केला होता. १९२८ सालीं पार्लमेंटानें कायदा केला कीं, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार तो ईस्टर, म्हणजे तो नेहमीं ९ ते १५ एप्रिलच्या आंत येईल. राष्ट्रसंघाच्या एका समितीनेंहि त्याच सुमारास हा विचार चालविला होता. पण कायदा अमलांत आणण्यापूर्वीं ख्रिस्ती धर्मसंस्थांचें मत लक्षांत घ्यावें असें कलम त्यांतच घातलेलें होतें, व तें एकमत कधींच झालें नाहीं. कायदा पुस्तकांत आहे, अंमल नाहीं. १९६३ सालीं व्हॅटिकन येथील परिषदेनें, इतर मंडळ्यांची संमति असेल तर ईस्टर एका ठराविक रविवारीं आणण्यास आपली हरकत नाहीं असें जाहीर केलें. तरीहि चंद्र अजून सुटलेला नाहीं.

संबंध पंचांगच बदलून सण बुडविण्याचे दोन मोठे प्रयोग सर्वश्रुत आहेत. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनीं १७९३ सालीं दहा दिवसांचा आठवडा करून रविवारच नाहींसा केला. तें पंचांग १ जानेवारी १८०६ रोजीं सुटलें. त्यापूर्वींच पोपशीं तह होऊन १८०२ सालीं कामाच्या दिवसांत येणाऱ्या सणांपैकीं नाताळ, स्वर्गारोहण, मरियेचें उन्नयन व सर्व संतांचा दिवस असे चारच पाळण्याचे राहिले, व ते चार आजच्या कट्टर लौकिक फ्रान्सच्याहि यादींत आहेत. सोव्हिएट रशियानें १९२९ सालीं पांच दिवसांचा व १९३१ सालीं सहा दिवसांचा आठवडा आणला. १९४० च्या जूनमध्यें सातांचा आठवडा परत आला. मध्यंतरीं नाताळचें म्हणून निषिद्ध ठरलेलें सूचिपर्णी झाड, १९३५ च्या डिसेंबरअखेर पोस्तिशेव्ह ह्या पुढाऱ्याच्या 'प्रावदा'तील पत्रानंतर नव्या वर्षाचें झाड म्हणून परत आलें. येथें वस्तु राहिली, तिथि एका आठवड्यानें सरकली, व त्या आठवड्यानें सर्व फरक पडला. रशियांतील मूल अजूनहि देणगीची वाट पाहतें ती नव्या वर्षाच्या रात्रीं. ७ जानेवारीचा नाताळ १९९१ पासून पुनः सुट्टीचा झाला असला तरी.

उरुग्वायचा मार्ग ह्या सर्वांहून निराळा होता. १८३० च्या राज्यघटनेप्रमाणें कॅथलिक धर्म हा तेथील राज्याचा धर्म होता. त्यास पहिला तडा गेला तो एका प्रेतावरून. १८६१ सालीं एका फ्रीमेसन जर्मन गृहस्थास ख्रिस्ती दफन देण्याचें धर्माधिकाऱ्यांनीं नाकारलें, व सरकारनें दफनभूमी आपल्या ताब्यांत घेतल्या. १८८५ सालीं विवाह सरकारी नोंदीचा झाला. १९०६ सालीं सरकारी इस्पितळांतील क्रूस काढण्यांत आले, १९०७ सालीं घटस्फोटाचा कायदा झाला व विधिमंडळाच्या शपथेंतून देवाचें नांव गेलें, १९०९ सालीं सरकारी शाळांतील धर्मशिक्षण बंद झालें. ह्या चळवळीचा धुरीण होसे बात्ये इ ओर्दोन्येस हा दोनदां राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या वर्तमानपत्रांत देव हा शब्द लहान आद्याक्षरानें छापीत. आमच्या लिपींत हें पाप करण्याची सोयच नाहीं! क्रूस काढण्यास विरोध करणारांत होसे एन्रीके रोदो हा विख्यात ग्रंथकार होता. तो धर्माधिकाऱ्यांच्या पक्षाचा नव्हता, उदारमतवादीच होता. पण दयाधर्माची जी परंपरा त्या इस्पितळांच्या मुळाशीं आहे तिचें चिन्ह भिंतीवरून उतरविणें म्हणजे उदारमत नव्हे, असें त्यानें प्रतिपादिलें. रोदोचा हा आक्षेप आम्हांस आजहि निरुत्तर वाटतो.

१ मार्च १९१९ पासून अमलांत आलेल्या नव्या घटनेनें धर्मसंस्था व राज्य विभक्त झालीं, आणि त्याच वर्षीं सुट्ट्यांचीं नांवें बदललीं. हें नामांतर अगदींच अपूर्व नव्हतें. पोर्तुगालांत क्रांति होऊन ५ ऑक्टोबर १९१० रोजीं प्रजासत्ताक स्थापन झालें, व आठवड्याच्या आंत, १२ ऑक्टोबरच्या हुकमानें, २५ डिसेंबर हा दिवस कुटुंबास वाहण्यांत आला. मराठी वाचकांस ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कारण आपण ज्यास नाताळ म्हणतों तो शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेला, व त्याचा मूळ अर्थ जन्माचा. ज्या भाषेनें आम्हांस तो शब्द दिला त्याच भाषेच्या राज्यानें तो आपल्या यादींतून काढला. तसेंच उरुग्वायच्या यादींतील ६ जानेवारी म्हणजे गोव्यांतील रेइस मागुश येथील तीन राजांच्या फेस्ताचा दिवस, आणि ८ डिसेंबर म्हणजे पणजीच्या टेकडीवरील निष्कलंक गर्भसंभवाच्या चर्चचें फेस्त. पणजींत ज्या दिवशीं घंटा वाजतात त्याच दिवशीं माँटेव्हिडिओ येथें समुद्रस्नानाचा हंगाम आरंभावा, असें त्या कायदेकर्त्यांनीं योजिलें. दक्षिण गोलार्धांत तो उन्हाळ्याचा आरंभ असतो.

ह्या नामांतरांत एक विसंगति होती. देवाचीं नांवें नकोत तर ते दिवसच यादींतून कां काढले नाहींत ? आमच्या मतें ह्याचें उत्तर बात्येच्याच राजकारणांत आहे. मजुरांस आठ तासांचा दिवस देणाऱ्या पक्षास त्यांचे विश्रांतीचे दिवस हिरावून घेणें परवडणारें नव्हतें. म्हणून नांव सरकारचें व तिथि चर्चची, अशी तडजोड झाली; ती कोणीं बसून केली असें नव्हे, ती आपोआप पडली.

पुढील शतकांत चारहि नांवांचें भवितव्य सारखें झालें नाहीं. 'कुटुंबाचा दिवस' कायद्यांत राहिला. लोक नाविदाद, म्हणजे नाताळच म्हणत राहिले. 'मुलांचा दिवस' म्हणूनहि ६ जानेवारीस 'राजांचा दिवस' म्हणण्याची चाल सुटली नाहीं, कारण त्या रात्रीं तीन राजे मुलांस देणग्या आणतात व मुलांची समजूत कायद्यानें बदलत नसते. 'पर्यटन-सप्ताह' मात्र लोकांच्या तोंडीं पक्का बसला. १९२५ पासून माँटेव्हिडिओच्या प्रादो बागेंत ह्या सप्ताहांत गाउचो घोडेस्वारांचे खेळ होतात. १९३९ पासून देशभर सायकलींची शर्यत निघते. पायसांदू शहरीं ह्याच दिवसांत बिअरचा उत्सव भरतो. दोन सणांस घरांत विधि होता, मूल होतें, भेट होती. त्यांचें जुनें नांव टिकलें. पवित्र सप्ताहाचा विधि उपवासाचा व शोकाचा, व तो चर्चच्या आंत घडणारा. घरांत त्याचें कांहीं बिऱ्हाड नव्हतें. सरकारी नांवास तेथें मोकळी जागा मिळाली.

आणि तरीहि त्या सप्ताहांतील शुक्रवार हा येशूच्या वधाचाच शुक्रवार आहे. ज्यास चर्चमध्यें जावयाचें आहे त्यास त्या दिवशीं रजा मागावी लागत नाहीं. घोड्यांचे खेळ पाहून परतणाऱ्यासहि घंटा ऐकूं येते. इंग्रज मजुराच्या व्हिटसनच्या सोमवारास हें भाग्य राहिलें नाहीं. देवाचें नांव निग्रहानें खोडणाऱ्या राज्यांत तिथि वांचली, आणि जेथें राजाच धर्मसंस्थेचा प्रमुख आहे त्या राज्यांत ती गेली. द्वेषानें ज्या गोष्टीकडे पाहिलें जातें तिचें निदान स्मरण राहतें. सोयीनें पाहिलें जातें तिचें तेंहि राहत नाहीं.

१९८७ सालीं पोप दुसरे जॉन पॉल माँटेव्हिडिओस आले. त्यांच्या भर रस्त्यावरील उपासनेकरितां उभारलेला मोठा क्रूस मागें ठेवावा कीं काढावा, ह्यावर विधिमंडळांत कडाक्याचा वाद झाला. स्वतः श्रद्धावंत नसलेले राष्ट्राध्यक्ष सांगिनेत्ती तो ठेवण्याच्या बाजूचे होते, व अखेरीस तो त्या भेटीचें स्मारक म्हणून राहिला. १९०६ सालीं रोदोनें जें मागितलें होतें त्याच्याशीं ह्याचें नातें उघड दिसतें.

अलीकडचें एक उदाहरण देऊन हा लेख पुरा करतों, कारण त्यांत नांव व तिथि दोन्ही एकदम गेलीं. डेन्मार्कमध्यें ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारीं 'थोर प्रार्थनादिन' पाळीत. अनेक लहान प्रार्थनादिन एकत्र करून तो १६८६ सालीं नेमला होता. संरक्षणखर्चासाठीं जादा उत्पन्न हवें म्हणून तेथील विधिमंडळानें २८ फेब्रुवारी २०२३ रोजीं कायदा करून २०२४ पासून ही सुट्टी रद्द केली. बिशपांनीं नापसंती दर्शविली. पण रस्त्यावर हजारोंच्या संख्येनें उतरले ते कामगार-संघ, ज्यांतील कितीएकांनीं त्या दिवशीं प्रार्थना केली नसेल. त्या सणाच्या आदल्या संध्याकाळीं गव्हाचे गरम पाव खाण्याची तेथें चाल आहे. प्रार्थनेच्या दिवशीं भट्टी पेटविण्यास मनाई असे, म्हणून ते आदल्या दिवशीं भाजून ठेवीत. २६ एप्रिल २०२४ च्या शुक्रवारीं डेन्मार्क नेहमींप्रमाणें कामावर गेला. पाव मात्र त्याच्या आदल्या गुरुवारींहि भाजले गेले. आणि तो गुरुवार कोणता, हें आतां सरकारी यादींत नसल्यामुळें भट्टीवाल्यास ईस्टरपासून मोजूनच काढावें लागतें.